स्तन पुनर्रचना, स्तनरक्षक शस्त्रक्रियेनंतरची

कर्करोगाची गाठ आणि तिच्याभोवतीचा निरोगी ऊतकाचा थोडा भाग काढून उरलेला स्तन राखण्याच्या शस्त्रक्रियेस ‘स्तनरक्षक शस्त्रक्रिया’ म्हणतात. तिच्यामुळे स्तनात पोकळी, खळगा किंवा विरूपता निर्माण होते. ती त्याच वेळी वा कालांतराने भरून काढण्याच्या शस्त्रक्रियेस ‘आंशिक स्तन पुनर्रचना’ अशी संज्ञा आहे. ही पोकळी स्तनातीलच ऊतकाची फेरमांडणी करून किंवा शरीराच्या अन्य भागातील ऊतक आणून भरतात. संपूर्ण स्तन काढून टाकल्यावर (स्तनोच्छेदनानंतर) नवा स्तन घडविण्याच्या शस्त्रक्रियेहून ही वेगळी आहे. येथे त्वचा, स्तनाग्र व बहुतांश ग्रंथी स्त्रीच्या स्वतःच्याच राहतात. शल्यचिकित्सकास फक्त उणीव भरावयाची असते.

या उपचाराच्या इतिहासात दोन प्रवाह आढळतात. कर्करोगासाठी स्तनाचा किती भाग काढणे आवश्यक आहे, या प्रश्नाचा शोध हा पहिला. शरीरातील एका जागेचे जिवंत ऊतक दुसऱ्या जागी नेण्याची कला हा दुसरा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. तथापि स्तन राखल्यावर त्यावर प्रारण चिकित्सा (किरणोपचार) करणे सामान्यतः आवश्यक असल्याने स्तन राखता येणे हे केवळ शल्यचिकित्सकाच्या कौशल्यावर अवलंबून राहिले नाही. गाठ किती लवकर लक्षात आली आणि प्रारण केंद्र घरापासून किती दूर आहे, या दोन गोष्टी तितक्याच निर्णायक ठरल्या. महाराष्ट्रात, विशेषतः जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशासारख्या मुंबईपासून दूरच्या प्रदेशात, या विषयाचा विचार त्यामुळे अंतर वगळून करता येत नाही.

प्राचीन काळ व ऊतक-स्थलांतराची भारतीय परंपरा : स्तनातील कठीण गाठींचा उल्लेख प्राचीन ईजिप्तमधील पपायरसात आढळतो, अशा गाठींवर उपाय नाही, असा अभिप्रायही त्यात दिलेला आहे. सुश्रुतसंहितेत ग्रंथी व अर्बुद यांचे वर्णन आहे. पुनर्रचनेच्या दृष्टीने त्याच ग्रंथाचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. कापलेला कान वा नाक जवळच्या त्वचेतून घडविण्याची रीत त्यात सांगितली आहे. गालावरील त्वचेचा पट्टा एका टोकास मूळ जागी जोडलेला ठेवून नाकावर बसवावा, अशी ही रीत आहे. जोडलेल्या टोकातून, म्हणजे देठातून, पट्ट्यास रक्ताचा पुरवठा होत राहतो आणि त्यामुळे तो जगतो. आधुनिक स्तन पुनर्रचनेतील सर्व सदेठ ऊतकपट्ट्यांचे मूलतत्त्व हेच आहे.

ही कला अठराव्या शतकापर्यंत महाराष्ट्रात टिकून होती, याचा पुरावा उपलब्ध आहे. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व हात कापण्यात आले. सुमारे वर्षभरानंतर पुण्याजवळील एका विटा घडविणाऱ्या जातीच्या कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेचा सदेठ पट्टा वळवून नवे नाक तयार केले. या शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझीन या मासिकात प्रसिद्ध झाले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडन येथे ही पद्धत वापरली व १८१६ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यूरोपातील पुनर्रचना शस्त्रक्रियेच्या पुनरुज्जीवनात या घटनेचा वाटा मोठा आहे [→ प्लॅस्टिक शस्त्रक्रिया].

मूलगामी स्तनोच्छेदनाचे युग : अमेरिकन शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड (१८५२–१९२२) यांनी १८८२ च्या सुमारास मूलगामी स्तनोच्छेदनास प्रारंभ केला व १८९४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कर्करोग मूळ गाठीपासून क्रमाने भोवतालच्या ऊतकात आणि तेथून काखेतील लसीका ग्रंथींत पसरतो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकसंधपणे काढून टाकण्यात येत. शस्त्रक्रियेनंतर बरगड्यांवर केवळ पातळ त्वचा उरे, खांद्याची हालचाल मंदावे आणि पुष्कळदा हात सुजे. तरीही जागच्या जागी होणारा रोगाचा पुनरुद्‌भव या पद्धतीने लक्षणीय प्रमाणात घटला. त्यामुळे जवळजवळ पाऊणशे वर्षे ती सर्वमान्य राहिली.

या काळात पुनर्रचनेकडे संशयाने पाहिले जाई. नवे ऊतक आणून जागा झाकली, तर खाली पुन्हा उद्‌भवलेला रोग लपेल, अशी भीती होती. तुरळक प्रयत्न मात्र झाले. जर्मन शल्यचिकित्सक व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी १८९५ मध्ये एका गायिकेच्या स्तनातील साध्या (मारक नसलेल्या) विकारासाठी ग्रंथी काढल्यावर तिच्याच कुशीतील वसेची गाठ तेथे बसवून स्तनाचा आकार राखला. नोंदलेल्या स्तन पुनर्रचनांपैकी ही पहिली मानली जाते. इटलीतील इजीन्यो तान्सिनी यांनी १९०६ मध्ये पाठीवरील लॅटिसिमस डॉर्साय या रुंद स्नायूचा त्वचेसह पट्टा पुढे आणून स्तनोच्छेदनानंतरची जखम झाकण्याची पद्धत वर्णिली. ती पुढे विस्मृतीत गेली आणि १९७० नंतर पुन्हा प्रचारात आली. हॅरल्ड गिलीझ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोटावरील त्वचेची नळी टप्प्याटप्प्याने छातीपर्यंत सरकवून स्तन घडविला. परंतु त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया व कित्येक महिने लागत.

स्तन राखण्याच्या विचाराचा उदय : लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील जेफ्री केन्स यांनी १९२०–३० या दशकात रेडियमच्या सुया स्तनात बसवून गाठीवर उपचार केले. स्तनोच्छेदन न करताही काही रुग्ण दीर्घकाळ जगतात, असे त्यांना आढळून आले. समकालीनांनी या कार्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९४८ मध्ये डेव्हिड पेटी यांनी छातीचा मोठा स्नायू राखणारे सुधारित स्तनोच्छेदन मांडले आणि त्याच वर्षी रॉबर्ट मॅकव्हर्टर यांनी साधे स्तनोच्छेदन व प्रारण चिकित्सा यांच्या एकत्रित उपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले.

निर्णायक पुरावा यादृच्छिक चाचण्यांतून मिळाला. मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेझी (१९२५–२०१६) यांनी १९७३ ते १९८० या काळात २ सेंमी. पेक्षा लहान गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची दोन गटांत विभागणी केली. एका गटावर हॉल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटात गाठ असलेला स्तनाचा चतुर्थांश व काखेतील ग्रंथी काढून उरलेल्या स्तनावर प्रारण चिकित्सा करण्यात आली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत व २००२ मधील वीस वर्षांच्या पाहणीतही दोन्ही गटांतील आयुर्मान सारखेच आढळले. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर (१९१८–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत ४ सेंमी. पर्यंतच्या गाठी असलेल्या सु. १,८५० स्त्रियांचा समावेश होता. या चाचणीतील एका केंद्रावर माहितीत फेरफार झाल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. परंतु त्या केंद्राचे रुग्ण वगळून केलेल्या फेरविश्लेषणातही मूळ निष्कर्ष कायम राहिला.

फिशर यांच्या चाचणीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांमध्ये वीस वर्षांत त्याच स्तनात रोगाचा पुनरुद्‌भव झाला. गाठ काढून प्रारण चिकित्सा घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. स्तन राखणे आणि प्रारण चिकित्सा देणे हे एकाच उपचाराचे दोन भाग आहेत, हे त्यावरून ठरले. ज्या स्त्रीला प्रारण केंद्रापर्यंत पोहोचता येत नाही, तिच्या बाबतीत स्तन राखण्याचा सल्ला देणे धोक्याचे ठरते.

ऑन्कोप्लॅस्टिक शस्त्रक्रिया : स्तन राखला म्हणजे तो सुबक राहतोच, असे नाही. काढलेला भाग मोठा असेल किंवा गाठ स्तनाच्या खालच्या वा आतल्या भागात असेल, तर खळगा पडतो व स्तनाग्र एका बाजूस ओढले जाते. खालच्या भागातील खळग्यामुळे स्तनाग्र खाली वळून स्तनास पक्ष्याच्या चोचीसारखा आकार येतो. प्रारणामुळे ऊतक आखडत असल्याने ही विरूपता पुढील दोन-तीन वर्षांत वाढत जाते. प्रारण झालेल्या ऊतकास रक्ताचा पुरवठा कमी असतो; त्यामुळे उशिरा केलेली दुरुस्ती अवघड होते आणि जखम भरण्यास विलंब लागतो. विरूपता उद्‌भवण्याची वाट न पाहता गाठ काढतानाच पोकळी भरावी, या विचारास यामुळे बळ मिळाले.

जर्मनीतील डुसेलडॉर्फ येथील व्हेर्नर आउद्रेच यांनी १९९० नंतरच्या दशकात या संयुक्त शस्त्रक्रियेस ‘ऑन्कोप्लॅस्टिक’ हे नाव दिले. पॅरिस येथील कृष्णा क्लफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तिची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या वर्गीकरणानुसार स्तनाच्या आकारमानाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी भाग काढावयाचा असेल, तर भोवतालची ग्रंथी त्वचेपासून व स्नायूपासून सुटी करून पोकळीत सरकवणे पुरेसे होते. हे तंत्र सामान्य शल्यचिकित्सकासही आत्मसात करता येते. २० ते ५० टक्के भाग काढावयाचा असल्यास स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतील तंत्रे वापरावी लागतात आणि दोन्ही स्तन सारखे दिसावेत म्हणून पुष्कळदा दुसऱ्या स्तनावरही शस्त्रक्रिया करावी लागते.

या पद्धतींचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात स्तनातीलच ऊतक सरकवून पोकळी भरतात. स्तन मोठा असेल तरच हे शक्य असते. दुसऱ्या वर्गात बाहेरचे ऊतक आणतात. लहान स्तनांसाठी हा मार्ग उपयुक्त आहे. पाठीवरील लॅटिसिमस डॉर्साय स्नायूचा लहान पट्टा काखेखालून पुढे आणण्याची पद्धत जपान व इंग्लंड येथे १९९० नंतर विकसित झाली. त्यापुढील टप्प्यात स्नायू जागेवरच ठेवून, त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिनीवर जगणारा केवळ त्वचा व वसा यांचा पट्टा छातीच्या बाजूकडून घेण्यात येऊ लागला. रोग्याच्याच शरीरातील वसा शोषून ती सूक्ष्म प्रमाणात टोचण्याची रीतही रूढ झाली आहे. सिलिकोनचे कृत्रिम स्तन १९६२ पासून वापरात असले, तरी आंशिक पुनर्रचनेत त्यांचा उपयोग मर्यादित आहे. कारण प्रारणामुळे त्यांभोवती कठीण कवच तयार होऊन ते आवळले जातात.

काढलेल्या भागाच्या कडांना शाई लावून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शाईपर्यंत कर्ककोशिका पोहोचलेल्या नसाव्यात, हा निकष सामान्यतः पाळला जातो. फेरमांडणीत गाठीची मूळ जागा हरवू नये म्हणून तेथे धातूच्या बारीक चिमट्या ठेवतात. त्यांच्या आधारे प्रारण तज्ञास त्या जागेवर जादा मात्रा देता येते. गाठ मोठी असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी रासायनी चिकित्सा देऊन ती लहान करतात. त्यामुळे पूर्वी संपूर्ण स्तन गमावावा लागला असता, अशा काही स्त्रियांचाही स्तन वाचू शकतो.

महाराष्ट्रातील विकास : मुंबईतील परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीने उभारलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. प्रारण चिकित्सा, शस्त्रक्रिया व विकृतिविज्ञान एका छताखाली असल्याने स्तनरक्षक उपचारास आवश्यक अशी व्यवस्था येथे आधीपासून होती. १९८० च्या सुमारास येथे हा उपचार पद्धतशीरपणे सुरू झाला. प्रारण तज्ञ केतायून दिनशा (१९४३–२०११) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते २००० या काळातील हजाराहून अधिक स्त्रियांचे अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केले. योग्य निवड व नियमित प्रारण चिकित्सा असेल, तर भारतीय स्त्रियांतही हा उपचार सुरक्षित ठरतो, असे त्यावरून दिसून आले. दिनशा १९९५ ते २००८ या काळात टाटा स्मारक केंद्राच्या संचालक होत्या.

पुनर्रचना शस्त्रक्रियेची परंपराही राज्यात स्वतंत्रपणे वाढली. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. देशातील अशा आरंभीच्या स्वतंत्र विभागांत त्याची गणना होते. गिलीझ यांच्याकडे अनुभव घेतलेले नोशिर अंटिया (१९२२–२००७) यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटा प्लॅस्टिक शस्त्रक्रिया विभाग उभारला. त्यांचे प्रमुख कार्य कुष्ठरोग्यांच्या विरूपतेवरील शस्त्रक्रियांचे असले, तरी स्तन पुनर्रचनेच्या इतिहासातही त्यांचे स्थान आहे. पोटाच्या भागातील त्वचा व वसा यांचा पट्टा पूर्णपणे सुटा करून, त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागेच्या वाहिन्यांना थेट जोडून तो चेहऱ्यावरील उणीव भरण्यासाठी वापरल्याचा वृत्तांत अंटिया व व्ही. आय. बुच यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. सुट्या ऊतकपट्ट्याच्या स्थलांतराचे हे जगातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय. पोटावरील ऊतकापासून स्तन घडविण्याच्या पुढील काळातील पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

रोगाच्या प्रसाराची माहिती नोंदणीमुळे मिळू लागली. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण नोंदणीस प्रारंभ झाला. आरंभी ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग प्रमुख होता, तर शहरांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढत होते. आज देशातील स्त्रियांत स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो; २०२२ या वर्षासाठी नव्या रुग्णांचा अंदाज सु. १,९२,००० होता.

खानदेशातील परिस्थिती : ब्रिटिश अमदानीतील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशातून धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे बनले. २०११ च्या जनगणनेनुसार या तीन जिल्ह्यांची लोकसंख्या अनुक्रमे सु. ४२ लाख, २०.५ लाख व १६.५ लाख होती. जळगाव हे मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर मुंबईपासून सु. ४२० किमी. अंतरावर आहे. धुळे चाळीसगावहून जाणाऱ्या फाट्याने या मार्गास जोडलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या व डोंगरातील गावांना मात्र आधी तालुक्याचे ठिकाण गाठावे लागते.

धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये स्थापन झाले. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये व नंदुरबारचे २०२० मध्ये सुरू झाले. स्तनोच्छेदन ही शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या ठिकाणचा सामान्य शल्यचिकित्सक करू शकतो. प्रारण यंत्रे मात्र दीर्घकाळ मुंबई, पुणे, नासिक, औरंगाबाद अशा मोठ्या शहरांतच केंद्रित होती. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. जळगावपासून ते सु. १६० किमी. आहे.

या अंतराचा उपचारावर होणारा परिणाम समजण्यासाठी प्रारण चिकित्सेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. पूर्वीच्या पद्धतीनुसार ती आठवड्यातून पाच दिवस, अशी पाच ते सहा आठवडे द्यावी लागे. प्रत्येक वेळी यंत्राखाली काही मिनिटेच जात. पण त्यासाठी दीड महिना शहरात राहणे भाग पडे. दादर येथील श्री गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेसारख्या संस्थांनी परगावच्या रुग्णांची राहण्याची सोय केली, तरी सोबतच्या माणसाचा रोजगार बुडतो. खानदेशात कापूस वेचणीचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन हिवाळाभर चालतो आणि वेचणी मुख्यतः स्त्रियाच करतात. रावेर, यावल भागातील केळीच्या बागांतील कामही बारमाही असते. हंगामात घरातील दोन माणसे दीड महिना दूर राहणे मजूर वा अल्पभूधारक कुटुंबास परवडत नाही. एकदा शस्त्रक्रिया करून मोकळे होता येईल, अशा स्तनोच्छेदनाची निवड अशा वेळी होते. गाठ लहान असताना केलेल्या स्तनोच्छेदनानंतर पुष्कळदा प्रारणाची आवश्यकता नसते, हेही त्यामागचे वैद्यकीय कारण आहे. या निवडीस केवळ अज्ञान समजणे योग्य नाही. उपलब्ध परिस्थितीत ती अनेकदा सुरक्षित निवड होती. परंतु तिची किंमत स्त्रीला आपल्या अवयवाने द्यावी लागली.

दुसरा अडथळा विलंबाचा आहे. स्तनातील गाठ आरंभी दुखत नाही आणि न दुखणारी गाठ दाखवण्याचे कारण वाटत नाही. पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्याचा संकोच आणि दवाखान्यात जाण्याचा निर्णय घरातील इतरांच्या हाती असणे, यांमुळे आणखी काळ जातो. गाठ त्वचेपर्यंत पोहोचल्यावर वा फुटल्यावर स्तन राखण्याचा प्रश्न बहुधा उरत नाही. या संदर्भात टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत केलेली चाचणी महत्त्वाची आहे. तीत ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे रोग अधिक आरंभीच्या अवस्थेत सापडतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाच्या मृत्यूंतही सु. ३० टक्के घट आढळली. या तपासणीस यंत्र लागत नाही. स्त्री कार्यकर्ती, प्रशिक्षण व नियमितपणा पुरेसा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या जाळ्यातून ती खेड्यापर्यंत नेता येण्याजोगी आहे.

खर्चाच्या बाबतीत धुळे जिल्ह्याचा उल्लेख विशेष आहे. राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम लागू झाली, त्यांत धुळे होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती सर्व राज्यात लागू झाली. २०१७ मध्ये तिचे नाव महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना असे झाले. आरंभी प्रत्येक कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीतून मिळत; पुढे ही मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आली. कर्करोगाची शस्त्रक्रिया, रासायनी चिकित्सा व प्रारण चिकित्सा यांचा तीत समावेश आहे. बुडणारी मजुरी मात्र कोणत्याही योजनेत मोजली जात नाही.

श्रमिक स्त्री व पुनर्रचनेची निवड : पुनर्रचनेसाठी ऊतक कोठून घ्यावे, हा प्रश्न रोजच्या कामाशी निगडित आहे. पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय स्नायू हात खाली व मागे ओढण्यास मदत करतो. तो वापरल्यावर दैनंदिन हालचाली बहुधा पूर्ववत होतात; परंतु जोराने ओढण्याचे वा चढण्याचे बळ काही प्रमाणात घटू शकते. पोटाचा स्नायू घेतल्यास पोटाची भिंत दुबळी होऊन अंतर्गळ (हर्निया) होण्याचा संभव असतो. डोक्यावर भारा वाहणाऱ्या, विहिरीचे पाणी ओढणाऱ्या वा दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे तोटे शहरातील बैठे काम करणाऱ्या स्त्रीपेक्षा अधिक जाणवणारे आहेत. म्हणून स्तनातीलच ऊतक सरकवण्याची किंवा स्नायू न घेता केवळ त्वचा व वसा आणण्याची पद्धत तिच्यासाठी अधिक सोयीची ठरते. या पद्धतींपैकी पहिली तुलनेने सोपी असल्याने जिल्हा पातळीवरील शल्यचिकित्सकांना ती शिकवणे शक्य आहे.

पुनर्रचना न झालेल्या स्त्रिया चोळीत कापसाची वा कापडाची गादी ठेवून बाह्य आकार राखतात. कापूस हलका असल्याने गादी वर सरकते. सिलिकोनचा वजनदार बाह्य स्तन अधिक स्थिर असतो, परंतु महाग पडतो. स्तन गमावल्याचे दुःख तरुण, शहरी व सुशिक्षित स्त्रियांपुरते मर्यादित असते, हा समज निराधार आहे. ग्रामीण स्त्रीला तो प्रश्न विचारला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. उपचारांपूर्वी स्तन राखण्याचा पर्याय, त्याचे फायदे व त्यासोबत येणारे प्रारणाचे बंधन तिला तिच्या भाषेत समजावून सांगणे, हा उपचाराचाच भाग मानला जातो.

अलीकडील बदल : अंतराचा प्रश्न काही अंशी प्रारण विज्ञानानेच हलका केला आहे. प्रत्येक वेळची मात्रा किंचित वाढवून एकूण वेळा कमी केल्या, तर परिणाम तेवढाच राहतो, असे ब्रिटनमधील चाचण्यांतून सिद्ध झाले. पंचवीसऐवजी पंधरा वेळांत, म्हणजे तीन आठवड्यांत, उपचार पूर्ण होऊ लागला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत पाच वेळांत, एका आठवड्यात दिलेल्या २६ ग्रे मात्रेचे पाच वर्षांचे निष्कर्षही तीन आठवड्यांच्या उपचाराइतकेच चांगले आढळले. गाठीच्या जागेवर जादा मात्रा द्यावयाची असल्यास यात काही दिवसांची भर पडते. भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र विकसित केले असून, ते परदेशी यंत्रांपेक्षा कमी खर्चाचे आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालामुळे मोठी व लहान रुग्णालये समान उपचारपद्धतींनी जोडली जात आहेत.

दीड महिन्याऐवजी एक ते तीन आठवडे, हा फरक प्रयोगशाळेच्या दृष्टीने लहान वाटला, तरी वेचणीच्या हंगामात घर सोडून जाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. गाठ लवकर सापडणे, तिची पोकळी त्याच वेळी भरणारा शल्यचिकित्सक जिल्ह्यात असणे आणि प्रारण यंत्र एका दिवसाच्या प्रवासात गाठता येणे, या तीन गोष्टी एकत्र आल्या की स्तन राखण्याचा पर्याय खानदेशातील स्त्रीलाही मुंबईतील स्त्रीइतकाच खुला होतो. यांपैकी एक जरी उणी असली, तरी उपलब्ध असलेले ज्ञान तिच्यापर्यंत पोहोचत नाही.